यंत्र चालवणाऱ्यांसाठी विजेची सुरक्षितता : काय पाहावे, कुठे थांबावे

कारखान्यात विजेची यंत्रे दिवसभर ज्यांच्या हाताखाली असतात, त्यांतले बहुतेकजण इलेक्ट्रिशियन नसतात. लेथ, प्रेस, कन्व्हेयर, मिक्सर, होइस्ट, हातातला ग्राइंडर किंवा वेल्डिंग संच चालवणारा माणूस आपल्या कामात तरबेज असतो. पण वीज हा मेंटेनन्सवाल्यांचा प्रांत समजून तो तिकडे पाहतच नाही, किंवा वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर काढल्यामुळे आपल्याला त्यातले सगळे कळते असे धरून थेट पॅनेलमध्ये हात घालतो. दोन्ही सवयी घातक आहेत. यंत्रावर नव्याने रुजू होणाऱ्याला बाहेरून काय दिसते, ऐकू येते आणि जाणवते, त्यावरून कधी थांबायचे आणि कोणाला बोलवायचे हे नेमके कळावे, यासाठी हा लेख आहे. दुरुस्ती शिकवणे हा त्याचा हेतू नाही.

आधी थोडे आकडे

शॉकने किती इजा होईल, हे मुख्यतः शरीरातून किती प्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या मार्गाने गेला यावर ठरते. नेहमीच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या एसी पुरवठ्यात अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाहाने हाताला झिणझिण्या येतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडू लागतात आणि धरलेली वस्तू इच्छा असूनही सोडता येत नाही. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या मोजमापांत ही ‘सोडता येण्याची’ मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली होती. त्यापुढे छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो आणि ५० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह छातीतून सेकंदभर जरी टिकला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. २३० व्होल्टवर १० वॉटचा साधा दिवा ४० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेतो, यावरून माणसाला मारायला किती थोडी वीज पुरते याची कल्पना यावी. घामाने किंवा पाण्याने ओल्या झालेल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वाहू शकतात.

या आकड्यांवरून एक गैरसमज दूर होतो. ‘काही झालेच तर ब्रेकर पडेल’ असे आपण सर्रास म्हणतो. पण १६ अँपिअरचा एमसीबी (पॅनेलमधला नेहमीचा छोटा ब्रेकर) १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देतो, कारण त्याचे काम तार जळू न देण्याचे आहे, माणूस वाचवण्याचे नाही. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक पाहतो, आणि हा फरक ३० मिलिअँपिअरला पोहोचला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडतो. त्यालाही मर्यादा आहे. जमिनीपासून अलग असलेल्या माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर जितका प्रवाह गेला तितकाच परत येतो. त्या उपकरणाच्या लेखी तो माणूस म्हणजे एखादा दिवाच असतो आणि ते पडत नाही. शिवाय मोठ्या त्रिफेजी यंत्रांवर पुष्कळदा ३० मिलिअँपिअरचे संरक्षण नसते; १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे असते, किंवा नसतेच. तुमच्या यंत्रावर यांपैकी काय आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तुमची हद्द कोठे संपते

सुरक्षेचे बहुतेक नियम माणसांचे दोन वर्ग करतात : विद्युत कामासाठी प्रशिक्षित व अधिकृत व्यक्ती आणि बाकीचे सगळे. यंत्रचालक कितीही अनुभवी असला तरी या बाबतीत तो दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याची हद्द सोप्या शब्दांत सांगायची तर अशी : जे उघडण्यासाठी पेचकस, पाना किंवा पॅनेलची चावी लागते, ते त्याने उघडायचे नाही, आणि उघडे राहिलेले दिसले, तर त्यात न डोकावता कळवायचे. पॅनेलचे दार, मोटरच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण, लिमिट स्विचचे कव्हर, प्लगचे झाकण हे सारे त्यात आले. फ्यूज बदलणे किंवा सैल वाटणारा स्क्रू आवळणे हीसुद्धा हद्दीबाहेरची कामे आहेत.

पॅनेलमध्ये धोका केवळ स्पर्शाचा नसतो. दोन फेजमध्ये एखादा पाना पडला किंवा आतला भाग निकामी झाला, तर जी विद्युत ठिणगी भडकते तिचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसहून कितीतरी जास्त असू शकते. वितळलेले तांबे आणि तप्त वायू दारातून बाहेर फेकले जातात, त्यामुळे काहीही न शिवता समोर उभा असलेला माणूस भाजतो. म्हणून मेंटेनन्सचा माणूस चालू पॅनेल उघडून बसला असेल, तर त्याच्या खांद्यावरून पाहत उभे राहू नये. त्याने दोरी किंवा अडथळे लावले असतील, तर त्याबाहेर थांबावे.

येथे खिशातल्या टेस्टरबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. निऑनचा टेस्टर जवळ असला की माणसाला उगाच धीर येतो. पण रबरी मॅटवर किंवा लाकडी फळीवर उभे असताना तो मंद लागतो किंवा लागतच नाही, भर उजेडात लागलेला दिसत नाही, आणि यंत्रातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठलेल्या डीसी व्होल्टेजची खात्रीशीर खबर तो देत नाही. दिवा लागला नाही म्हणून वीज नाही, हा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. यंत्रचालकाने तो जवळ ठेवूच नये, असे माझे मत आहे.

यंत्र चालू करण्यापूर्वी

पाळी सुरू होताना हात, बूट आणि उभे राहण्याची जागा कोरडी आहे ना, हे आधी पाहावे. कूलंट सांडून फूट स्विचभोवती थारोळे झाले असेल, तर ते पुसल्याशिवाय पाय ठेवू नये. अंगठी, धातूचे कडे, साखळी काढून ठेवावी. मग यंत्राभोवती एक फेरी मारावी. ही फेरी डोळ्यांनी मारायची असते. काही ओढून किंवा हलवून पाहायचे नसते.

केबलपासून सुरुवात करा. केबल मध्येच कुठे चिरडली, सोलली किंवा तापून कडक झाली आहे का, याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण खरा बिघाड बहुधा तिच्या टोकाला असतो. केबल जिथे यंत्रात किंवा प्लगमध्ये शिरते, तिथे ती घट्ट धरणारा ग्लँड असतो. तो सैल झाला की बाहेरचे काळे आवरण मागे सरकते आणि आतल्या रंगीत तारा दिसू लागतात. अशा वेळी केबलला बसणारा प्रत्येक हिसका आता थेट आतल्या जोडांवर बसत असतो. त्या तारांवर टेप गुंडाळलेला दिसला, तर बिघाड दुरुस्त झाला असे न मानता तो झाकला गेला आहे असे समजावे. होइस्टच्या लोंबत्या पेंडंटच्या (केबलला टांगलेल्या बटणांच्या पेटीच्या) बाबतीत हे विशेष तपासावे, कारण ते दिवसभर ओढले जाते आणि त्याचा भार पुष्कळदा केबलवरच येतो.

त्यानंतर प्लग आणि सॉकेट. पिनेभोवतीचे प्लॅस्टिक एकाच बाजूला तपकिरी पडले असेल, फुगले असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथला संपर्क सैल आहे आणि लोडखाली तापतो आहे. ‘थोडा वाकडा बसवला की चालतो’ अशी ख्याती असलेला सॉकेट तर वापरूच नये.

अर्थिंगची हिरवी-पिवळी तार वा पट्टी यंत्राच्या सांगाड्याला बाहेरून जोडलेली दिसत असेल, तर ती जागेवर आहे ना, हे रोज पाहावे. विजेच्या बिघाडांत हा सर्वांत कावेबाज आहे. फेज तुटली की यंत्र बंद पडते किंवा गुरगुरते आणि सगळे धावत येतात. अर्थिंग तुटले तरी यंत्र पूर्वीसारखेच चालत राहते, उत्पादन होत राहते आणि कोणाला काही कळत नाही. पुढे कधीतरी आतल्या तारेचे इन्सुलेशन खराब होऊन ती सांगाड्याला टेकते, तेव्हा प्रवाहाला जमिनीत जायला वाट उरलेली नसते आणि यंत्राला प्रथम हात लावणारा माणूसच ती वाट होतो.

शेवटी झाकणे, पॅनेलची दारे आणि इमर्जन्सी स्टॉप पाहावे. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे ते लाल बटण कुठे आहे, त्याच्यासमोर माल रचून ठेवला नाही ना, आणि कामाच्या ठिकाणच्या पद्धतीनुसार दाबून पाहिल्यावर यंत्र खरोखर थांबते ना, हे तपासावे. बटण सोडवल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. होत असेल तर तो दोष आहे.

हातातली अवजारे आणि एक्स्टेंशन

ग्राइंडर आणि ड्रिल ही हातात घट्ट धरायची अवजारे असल्यामुळे, स्नायू आखडून न सुटण्याचा धोका त्यांत जास्त. त्यांच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर ते दुहेरी इन्सुलेशनचे अवजार असते आणि त्याला अर्थची पिन लागत नाही. चिन्ह नसेल तर अर्थिंग हवेच, आणि अशा अवजाराचा तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावलेला दिसला तर ते बाजूला ठेवावे. ही अवजारे ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणावरूनच चालवावीत आणि काम सुरू करण्याआधी त्या उपकरणावरचे ‘टेस्ट’ बटण दाबून ते पडते का, ते पाहावे. धातूच्या टाकीत किंवा बॉयलरमध्ये शिरून काम करायचे असल्यास मेन्सच्या व्होल्टेजवरचे अवजार आत नेऊच नये. तेथे कमी व्होल्टेजची, हवेवर चालणारी किंवा बॅटरीची अवजारे मागावीत.

गुंडाळलेला एक्स्टेंशन ड्रम हा आगीचे एक नेहमीचे कारण. वेटोळ्यात असलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे मोठ्या लोडवर आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात. जवळच्या कामालाही ड्रम पूर्ण उलगडावा. एका एक्स्टेंशनला दुसरे जोडू नये, आणि ज्या वाटेने फोर्कलिफ्ट जाते त्या वाटेवर केबल उघडी टाकू नये.

यंत्र धुण्याबाबत एक सूचना : नावपट्टीवर ‘आयपी’ अक्षरांपुढे दोन अंक असतात, त्यांतला पहिला धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी. दुसरा अंक ४ म्हणजे उडणारे पाणी चालते, ५ म्हणजे साध्या नळीची धार चालते. प्रेशर वॉशरची धार यांपैकी कोणालाही चालत नाही, आणि झाकणाचे रबर फाटले असेल तर पट्टीवरच्या अंकाला काहीच अर्थ उरत नाही.

वेल्डिंग हा स्वतंत्र विषय आहे. एवढेच सांगतो की होल्डरवरचे व्होल्टेज कमी दिसले तरी घामाने भिजलेल्या हातमोज्यांतून ते पुरेसे धोकादायक ठरते. रॉड बदलताना हातमोजे कोरडे असावेत, आणि परतीच्या केबलचा क्लॅम्प जॉबवरच, जोडाच्या शक्य तितका जवळ लावावा.

झिणझिण्या आणि ट्रिप

‘बॉडीला जरा करंट येतोय, पण सवयीचे आहे’ हे वाक्य ज्या शॉपमध्ये ऐकू येते, तिथे अपघात दाराशी उभा आहे असे समजावे. यंत्राला हात लावल्यावर किंचितही झिणझिण्या जाणवल्या, तर पुन्हा हात लावून खात्री करू नका. यंत्राला न शिवता, त्याला पुरवठा देणारा भिंतीवरचा किंवा दूरचा आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) बंद करा, आजूबाजूच्यांना सांगा, फलक लावा आणि मेंटेनन्सला बोलवा. आज जाणवलेला सौम्य धक्का कोरड्या बुटांमुळे सौम्य असेल. उद्या फरशी ओली असेल.

ट्रिपबाबत माणसे सर्वांत घाईने वागतात, कारण उत्पादन थांबलेले असते. ब्रेकर पडला म्हणजे त्याला काहीतरी दिसले आहे. कारण न शोधता तो पुन्हा चढवला आणि पुढे शॉर्ट सर्किट तसेच असेल, तर संपूर्ण दोषप्रवाह तुमच्या हाताखालच्या स्विचमधून जातो. ओव्हरलोड रिलेचे प्रकरण थोडे वेगळे आहे : मोटर जास्त प्रवाह घेत राहिली की तो तापून पडतो आणि काही मिनिटांनी थंड होऊन पुन्हा बसतो, म्हणून चालक दिवसभर तो बसवत राहतात. बेअरिंग जाम होणे, तीनपैकी एक फेज जाणे, पट्ट्यावर प्रमाणाबाहेर माल टाकणे अशी खरी कारणे तशीच राहतात आणि शेवटी मोटर जळते. कोणते रीसेट चालकाने करायचे हे तुमच्या ठिकाणी लेखी ठरलेले असावे. तेवढेच, आणि तेही एकदाच करावे. पुन्हा पडला तर हात आखडता घ्यावा. अधिकृतपणे एखादा मोठा स्विच चढवण्याचे काम तुमच्याकडे असेल, तर दाराच्या अगदी समोर न राहता बाजूला उभे राहावे, तोंड फिरवावे आणि अर्धवट न थबकता एका दमात हँडल फिरवावे.

अडकलेला माल काढताना

बिगर-विद्युत कामगारांचे जे अपघात ‘विजेचे’ म्हणून नोंदले जातात, त्यांतल्या काहींत शॉक लागलेलाच नसतो. थांबलेले यंत्र अचानक सुरू होऊन हात सापडलेला असतो. इमर्जन्सी स्टॉप दाबणे म्हणजे यंत्र निर्जीव करणे नव्हे. त्याने सामान्यतः फक्त कंट्रोल सर्किट तुटते; मुख्य पुरवठा आतपर्यंत आलेला असतो. गार्डचे दार उघडल्याने थांबलेल्या यंत्रालाही हेच लागू आहे. म्हणून माल काढणे, साफसफाई किंवा पट्टा सरकवणे यांसाठी हात आत जाणार असेल, तर पुढील क्रम न चुकता पाळावा.

प्रथम शेजारच्या कामगारांना यंत्र बंद करत असल्याचे सांगा. नेहमीच्या बटणाने यंत्र थांबवा आणि ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. मग मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावा आणि नाव व वेळ लिहिलेला फलक अडकवा. कुलपाची चावी तुमच्याच खिशात राहिली पाहिजे; दोघे काम करणार असतील तर दोन कुलपे लागतील. प्लगवर चालणाऱ्या लहान यंत्राचा प्लग काढून तो सतत आपल्या नजरेसमोर आणि ताब्यात ठेवला, तर तेवढे पुरते. पुढे साठलेल्या ऊर्जेचा बंदोबस्त करा : हवेचा दाब सोडणे, वर उचललेला भाग आधार देऊन रोखणे, ताणलेली स्प्रिंग सैल करणे. वेग बदलणारा ड्राइव्ह असलेल्या यंत्रात पुरवठा तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ५०० व्होल्टहून अधिक डीसी व्होल्टेज काही मिनिटे राहू शकते. किती मिनिटे थांबायचे ते ड्राइव्हवर लिहिलेले असते, आणि तो भाग उघडणे तुमचे काम नसले तरी हे माहीत असावे. शेवटी सगळे दूर आहेत याची खात्री करून ‘स्टार्ट’ दाबा. यंत्र हलले नाही, तरच योग्य स्विच बंद झाला असे समजावे. चुकीच्या यंत्राचा आयसोलेटर बंद करून निर्धास्तपणे हात घालण्याची चूक याच एका चाचणीत पकडली जाते, म्हणून ती कितीही घाई असली तरी टाळू नये.

काम झाल्यावर अवजारे मोजा, गार्ड परत बसवा, माणसे बाजूला करा आणि ज्याचे कुलूप त्यानेच काढा. पाळी बदलताना काम अर्धवट असेल, तर येणाऱ्याचे कुलूप आधी लागावे आणि मग जाणाऱ्याचे निघावे.

शॉक लागला किंवा आग लागली तर

शॉक लागलेल्या माणसाला वीज तोडण्यापूर्वी हात लावू नका. तो अजून चिकटलेला असू शकतो. स्विच किंवा प्लग जवळ असेल तर तो बंद करा. तसे शक्य नसेल आणि पुरवठा साध्या लो-व्होल्टेजचा असेल, तरच कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने, कोरड्या जागी उभे राहून, त्याला तारेपासून वेगळे करा. हाय-व्होल्टेजच्या ठिकाणी मात्र पुरवठा बंद झाल्याचे अधिकृत व्यक्तीने सांगेपर्यंत जवळच जाऊ नये. तो श्वास घेत नसेल तर मदत बोलावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा : मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि प्रशिक्षण घेतलेले असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. एईडी यंत्र (हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने सावरणारे) कुठे ठेवले आहे हे आधीच ठाऊक असेल, तर मोलाची मिनिटे वाचतात. माणूस उठून ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाची तपासणी करावी, कारण लय नंतरही बिघडू शकते आणि आतले भाजणे कातडीवर दिसत नाही.

पॅनेलमधून धूर येत असेल तर दार उघडू नका. लांबून पुरवठा तोडा, सगळ्यांना सावध करा; आग लहान असेल, तुम्हाला शिकवलेले असेल आणि मागे पळवाट मोकळी असेल, तरच कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक वापरा. पाणी नाही.

कळवणे आणि पुन्हा ताब्यात घेणे

‘मशीन नीट चालत नाही’ एवढ्या नोंदीने इलेक्ट्रिशियनला काही कळत नाही. बिघाड कोणत्या वेळी झाला, तेव्हा यंत्रावर कोणते काम चालू होते, कोणता ब्रेकर पडला वा कोणता दिवा लागला, आवाज, वास, ठिणगी यांपैकी काय जाणवले, त्याआधी यंत्र धुतले किंवा हलवले होते का, आणि तुम्ही स्वतः काय काय दाबले, हे लिहा. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने गाळतात, पण दोष शोधताना बहुधा तोच सर्वांत उपयोगी पडतो. सदोष अवजार नुसते कोपऱ्यात ठेवू नका, कारण पुढच्या पाळीतला माणूस ते उचलतोच. त्याला ‘वापरू नये’ असा फलक बांधून सुपरवायझरच्या ताब्यात द्या.

दुरुस्तीनंतर हा फलक विद्युत विभागाच्या माणसानेच काढावा. तुम्ही यंत्र परत घेताना दोष काय होता ते विचारा, झाकणांचे सगळे स्क्रू बसलेले आहेत ना ते पाहा, आणि त्रिफेजी मोटरच्या तारा सोडल्या होत्या का हे आवर्जून विचारा. सोडल्या असतील तर दोन फेजची अदलाबदल होऊन मोटर उलट फिरू शकते. म्हणून माल न घालता, गार्ड लावून, क्षणभर चालवून दिशा तपासल्याशिवाय काम सुरू करू नका.